बेळगावचा लोखंडी नांगर आणि फेरफाराची विद्या

१९०३ साली बेळगावातल्या एका लहानशा कारखान्यात लोखंडी नांगर तयार झाला आणि पुढची दोन वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. ही हकिकत मराठीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. एका बाजूला लक्ष्मणराव किर्लोस्करांची जिद्द, दुसऱ्या बाजूला लोखंडाने जमीन विषारी होते असे मानणारा शेतकरी, आणि शेवटी जिद्दीने अंधश्रद्धेला हरवले, असा तिचा ठराविक घाट आहे. या घाटात शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त अडाणीपणा येतो आणि कारखानदाराच्या वाट्याला फक्त चिकाटी. मला हे दोन्ही अपुरे वाटते. त्या दोन वर्षांत बेळगावच्या परिसरात जे घडले ते एका यंत्राचे खडतर परीक्षण होते. परदेशात जन्मलेले अवजार इथल्या मातीला, इथल्या बैलाला आणि इथल्या सुतार-लोहाराला चालेल असे करून घेण्याची ती सुरुवात होती. निपाणी-चिकोडी भागातला शेतकरी आज उसाच्या सरीत बसावा म्हणून पॉवर टिलर गावातल्या वेल्डरकडे नेतो, तेव्हा तो हेच काम पुढे चालवत असतो. आपल्या यंत्रविद्येचा इतिहास लिहिताना शोध आणि नक्कल हे दोनच रकाने मांडले, तर या भागाचे सगळे कर्तृत्व त्या दोन्हींच्या बाहेर राहते. त्यासाठी फेरफार हा तिसरा रकाना मांडायला हवा, आणि तो सर्वांत मोठा निघेल.

लक्ष्मणरावांच्या घडणीतच हा फेरफार होता. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही असे निघाल्यावर त्याने रंग सोडले आणि यांत्रिक आरेखन धरले. पुढे नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. १८८८ साली त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली घेऊन पाठवत, रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. बेळगाव लष्करी छावणीचे गाव, सरकारी कचेऱ्यांचे गाव, आणि दक्षिण मराठा रेल्वे तिथे नुकतीच पोचलेली, म्हणून हा धंदा चालला. मुंबईत बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणराव नोकरी सोडून कायमचे बेळगावला आले. इतिहासकार सहसा सायकलीच्या दुकानावरून भरभर पुढे जातात, पण मला तिथे थांबावेसे वाटते. हजारो मैलांवर बनलेली सायकल बिघडली की तिचा सुटा भाग मागवायला महिने लागत. त्यामुळे दुकानदाराला कारागीर व्हावेच लागे: बेअरिंग उघडायचे, दांडा सरळ करायचा, चाकाचे आरे इथेच घडवायचे. दुसऱ्याने केलेले यंत्र भीड न बाळगता उघडण्याची सवय बेळगावात अशा दुकानांतून लागली. त्या सवयीतून आधी कडबा कापण्याचे यंत्र आले आणि त्यानंतर नांगर.

नांगराची परीक्षा कडब्याच्या यंत्रापेक्षा फार अवघड होती. याचे कारण जमिनीत आहे. कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, भेगाळते आणि पावसात चिकट होते. हरळी आणि कुंदा यांची मुळे तिच्यात खोल जातात. ती उपटायची तर जड लाकडी नांगराला चार-चार, कधी सहा बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि म्हणून अशी खोल नांगरट काही वर्षांतून एकदाच होई. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलटवत नाही. लोखंडी नांगराच्या बाकदार पंखामुळे मातीचे ढेकूळ उलटे पडते, मुळे वर येतात आणि उन्हाने मरतात. कागदावर हा फायदा निर्विवाद होता. पण गावात लाकडी नांगराच्या मागे एक आख्खी व्यवस्था उभी होती. हळीस मोडली तर सुतार बाभळीचे लाकूड तासून दुसरी बसवी, फाळ झिजला तर लोहार भट्टीत घालून त्याला पुन्हा टोक काढी, आणि या दोघांची मजुरी सुगीला बलुत्याच्या धान्यातून भागे. नांगर मोडला म्हणून पेरणी चुकत नसे. बिडाचा फाळ मात्र लोहाराच्या भट्टीत सुधारत नाही, कारण बीड ठोकून वाढत नाही, ते फुटते. तो फाळ पुन्हा ओतावाच लागतो. म्हणजे मृगाच्या तोंडावर फाळ तुटला तर शेतकऱ्याने बेळगावच्या कारखान्याकडे तोंड करून बसायचे. लोखंडाने जमीन बिघडते ही समजूत खोटी होती, याबद्दल वाद नाही. पण तिच्याखाली दबलेली शंका खोटी नव्हती: हे अवजार घेतले तर दुरुस्ती आपल्या गावाच्या हातून जाणार.

ही शंका काढणारे केवळ निरक्षर शेतकरी नव्हते. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटी ऑफ इंग्लंडचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानी शेतीच्या पाहणीसाठी आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात त्यांनी इथला रयत शेती जाणतो, काही बाबतींत इंग्रज शेतकऱ्यालाही मागे टाकतो असे लिहिले आणि बाहेरची अवजारे सरसकट इथे आणण्याबद्दल सावध केले. अवजार स्वस्त हवे, हलके हवे, इथल्या बैलाला ओढता आले पाहिजे आणि इथेच दुरुस्त झाले पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. बेळगावचा नांगर त्यानंतर दहा वर्षांनी आला आणि नेमका याच कसोट्यांवर तो अडला. विकायला लागलेल्या दोन वर्षांत आणि त्यानंतरही कारखान्याला ओतकामाची विद्या नव्याने शिकावी लागली. फाळाचे टोक कठीण हवे, नाहीतर ते काळ्या जमिनीत लवकर झिजते. मात्र सगळा फाळ कठीण केला तर तो दगडावर आपटून फुटतो. ही अडचण इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने त्याच्या शंभर वर्षे आधीच सोडवली होती. १८०३ मध्ये त्याने फाळ ओतताना साच्याची एक बाजू थंड लोखंडाची ठेवली, त्यामुळे खालचा थर झटकन गार होऊन कठीण झाला आणि वरचा मऊ राहिला. वरचा थर आधी झिजत गेल्याने फाळाला धार आपोआप राही. तत्त्व माहीत असणे आणि ते बेळगावच्या भट्टीत, मिळेल त्या कच्च्या लोखंडातून, मिळेल त्या कोळशावर साधणे यांत मात्र फार अंतर आहे. ते अंतर कापायला मेहनत लागली, आणि त्या मेहनतीचा सवाल शेतकऱ्याने नकार देऊन समोर ठेवला होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो नीट ऐकायला हवा. परदेशी नांगर समोर होते, त्यांची घडण पाहून इथे नांगर ओतले, मग याला कर्तृत्व कसे म्हणायचे? ही तर नक्कलच झाली. या आक्षेपाला उत्तर अमेरिकेच्या इतिहासात सापडते. जॉन डिअर हा व्हरमाँटचा लोहार इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी येऊन राहिला, तेव्हा पूर्वेकडून आणलेले बिडाचे नांगर तिथल्या गवताळ प्रदेशातल्या चिकट काळ्या मातीत निकामी ठरत होते. माती पंखाला चिकटे आणि दर काही पावलांवर खरवडून काढावी लागे. १८३७ मध्ये डिअरने मोडलेल्या करवतीचे पोलादी पाते घेऊन नांगराचा पंख बनवला. गुळगुळीत पोलादावरून माती सरकून पडू लागली आणि त्यातून पुढे जगातली एक बलाढ्य कंपनी उभी राहिली. नांगर हे यंत्र डिअरने शोधलेले नव्हते. त्याने ते एका विशिष्ट मातीसाठी बदलले, आणि अमेरिकेच्या इतिहासात त्याला शोधक म्हणतात. मग बेळगावच्या मातीसाठी केलेल्या बदलाला निराळे माप लावणे अन्याय आहे. शेतीच्या अवजारांत निखळ नवा शोध फार विरळा असतो. एका जमिनीवर चाललेले अवजार दुसऱ्या जमिनीवर चालते करणे हेच तिथले मुख्य काम आहे, आणि ते काम डिअरने केले तसे लक्ष्मणरावांनीही केले.

दुसरा आक्षेप बेळगावकरांच्या मनाला अधिक लागणारा आहे. किर्लोस्कर तर बेळगाव सोडून गेले, मग त्यांच्या कारखान्यावरून या भागाची परंपरा कशी ठरवता येईल? घटना खरी आहे. गावाच्या नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला जागा हवी होती आणि कारखान्याला ती सोडावी लागली. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला मंदिराच्या सभामंडपाचे काम करत होते. १९०९ मध्येच गादीवर आलेले औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. कुंडल रोड स्टेशनजवळचा सुमारे ३२ एकरांचा निवडुंगाचा माळ घेऊन १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात थांबली, तशी किर्लोस्करवाडीच्या नांगराला मागणी आली. पण त्याच युद्धामुळे कच्चे लोखंड आणि कोळसाही मिळेना, आणि तिथेही जे हाताशी आहे त्यातून काम भागवण्याची जुनी बेळगावी सवय उपयोगी पडली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली ती या कारखान्याची वार्ता पोचवायला, आणि तिचे पुढे मराठीतल्या एका प्रमुख मासिकात रूपांतर झाले. कारखाना गेला तरी बेळगावातली ओतकामाची, खरादाची आणि फिटरकीची विद्या गेली नाही. आज उद्यमबागेत आणि आसपासच्या वसाहतींत पंपांचे, मोटारींचे, ट्रॅक्टरांचे बिडाचे भाग ओतणाऱ्या कितीतरी फौंड्र्या आहेत. निपाणीच्या उत्तरेला कोल्हापुरातही हेच चित्र आहे. पंचगंगेच्या काठावर गुऱ्हाळे आणि पाण्याचे पंप यांच्यासाठी ऑईल इंजिने बनवणारे मिस्त्री आधी दुरुस्तीला बसत आणि मग त्यांतूनच निर्मितीकडे वळत. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर हा एकाच रस्त्यावरचा कारागिरीचा पट्टा आहे. १९५६ मध्ये त्यावरून राज्याची सीमा गेली, पण सुटे भाग आणि मिस्त्री त्या सीमेवरून येत-जात राहिले.

बैलाच्या जागी इंजिन आले, तेव्हाही कथा हीच राहिली. किर्लोस्करवाडी वसत होती त्याच सुमारास, १९११ मध्ये, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबार गावचा छायाचित्रकार बेंजामिन ग्रेव्हली याने आपल्या बागेची खुरपणी सोपी व्हावी म्हणून हातनांगराला इंडियन कंपनीच्या जुन्या मोटारसायकलचे भाग जोडले. त्यातून मागे चालत हाकायचा एक लहान ट्रॅक्टर निघाला आणि १९१६ मध्ये त्याला पेटंट मिळाले. ग्रेव्हलीच्या त्या खटपटीनंतर एका वर्षाने, १९१२ मध्ये, ऑस्ट्रेलियात गिलगँड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने वडिलांच्या शेतावरच्या वाफेच्या इंजिनाला फिरती पाती जोडून मातीची मशागत करून पाहिली. आज निपाणीच्या कुठल्याही वाडीत दिसणारा रोटाव्हेटर या खटपटीतून निघाला. दोघेही घरच्या यंत्राला हात घालणारे लोक होते. मोठ्या कंपन्या त्यांच्या मागून आल्या. आपल्याकडे गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलला कोळप्याची आणि पेरणीची जोड देऊन 'बुलेट सांती' बनवली आणि तिला अमेरिकेतही पेटंट मिळाले, तेव्हा अनेकांना ती विलक्षण घटना वाटली. ग्रेव्हलीची गोष्ट शेजारी ठेवली की दिसते, की लहान शेत, महाग मजुरी आणि हाताशी असलेले जुने इंजिन हे तिन्ही एकत्र आले की माणूस हेच करतो, मग तो वेस्ट व्हर्जिनियात असो की सौराष्ट्रात.

निपाणी भागात ही गरज उसाने आणली. तंबाखू हे इथले जुने नगदी पीक. त्याच्या भावाच्या प्रश्नावर १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ महामार्गावर आंदोलन झाले आणि ते गोळीबाराने संपले. पिकाच्या दरात उरत नसेल तर यंत्रावर किती खर्च करायचा, हा हिशोब तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याच्या डोक्यात पक्का आहे. पुढे संकेश्वरचा हिरण्यकेशी, चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ अशा सहकारी कारखान्यांभोवती ऊस वाढला. अडीच-तीन फुटांच्या सरीतल्या उसात बाळभरणी आणि मोठी भरणी करायची तर मोठा ट्रॅक्टर आत जाऊच शकत नाही, आणि बैल ठेवणे परवडेनासे झाले. १९६७ मध्ये बेंगळुरूत स्थापन झालेल्या व्ही. एस. टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर बनवले होते. जपानी भातखाचरासाठी आखलेले हे यंत्र उसाच्या सरीत आले तेव्हा त्याला काटछाट लागली. रोटरीच्या कडेची पाती काढून ती अरुंद करायची, मागे सरीचा रेजर बसवायचा, चाकांची रिम उलटी लावून दोन चाकांतले अंतर कमी करायचे, खानापूर-बेळगावच्या भातात चिखलणीसाठी लोखंडी केजव्हील घडवायची, मागे चालून पाय दुखतात म्हणून लहान चाकावर बसायची जागा करायची.  हे सगळे गावातल्या गॅरेजात, वेल्डिंगच्या दुकानात आणि शेतकऱ्याच्या अंगणात ठरते. जुना, दुसऱ्या-तिसऱ्या हाताचा टिलर यासाठी अधिक पसंत केला जातो, कारण त्याची हमी संपलेली असते आणि त्याला कापायला हात थरथरत नाही. सुतार-लोहाराची जी व्यवस्था बिडाच्या नांगराने मोडली होती, ती वेल्डिंगच्या दुकानाने पुन्हा उभी केली. माझ्या मते या भागाच्या शेतीतली ही फार मोठी घटना आहे, आणि तिची फारशी नोंद झालेली नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप धोक्याचा आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. घरी केलेल्या फेरफारात फिरत्या शाफ्टचे आवरण पहिल्यांदा काढले जाते, कारण ते कामात अडते. याची किंमत या देशाने मोजली आहे. हरितक्रांतीच्या काळात उत्तरेत स्थानिक कारागिरांनी बनवलेल्या मळणीयंत्रांत इतक्या मजुरांचे हात गेले, की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. रस्त्यावरच्या वाहनांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. रस्त्यावर इतरांचा जीव गुंतलेला असतो, म्हणून तिथे हा नियम रास्त आहे. पण शेतातल्या अवजाराला तोच निकष लावणे चूक ठरेल. मळणीयंत्राच्या कायद्यातून घ्यायचा धडा हा आहे, की फेरफार बंद केल्याने तो थांबत नाही, तो अंधारात होत राहतो. मळणीयंत्राचे अपघात कमी करायला पेंढी टाकण्याच्या तोंडाची लांबी आणि आवरण यांचे मोजमाप ठरवावे लागले, म्हणजे कारागिराच्या कामाला शास्त्राची जोड द्यावी लागली. बेळगावच्या नांगराचा इतिहासही तेच सांगतो. फाळ कधी फुटतो आणि कधी टिकतो हे मापाने आणि निरीक्षणाने कळले, तेव्हा तो नांगर शेतकऱ्याच्या विश्वासाला उतरला.

आता कोणी म्हणेल की १५ अश्वशक्तीचा महिंद्रा युवराज २०११ मध्ये आला, त्यामागून इतर कंपन्यांचेही अरुंद ट्रॅक्टर आले, मग आता या खटपटीची गरज काय? मला वाटते उलट गरज वाढली आहे. कंपनी देशभर विकायचे यंत्र बनवते, आणि सरीतले अंतर, जमिनीचा ओलावा, पिकाची उंची गावागावाला बदलते. शिवाय पट्टा पद्धतीसारखे लागवडीचे नवे प्रकार येत आहेत, आणि प्रत्येक प्रकार यंत्राकडून नवी मागणी करतो. कारखान्यातून शेतापर्यंतचे शेवटचे थोडे अंतर कोणीतरी स्थानिक माणसालाच कापावे लागणार आहे.

म्हणून बेळगावच्या शिक्षणसंस्थांकडे एक मागणी आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय या शहरात आहे, आणि गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तर उद्यमबागेतच, फौंड्र्यांच्या शेजारी उभी आहे. या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी निपाणी, चिकोडी, खानापूर, हुक्केरी इथल्या गॅरेजांत जावे, तिथे बदललेल्या टिलरांची आणि मिनी ट्रॅक्टरांची मापे घ्यावीत, कुठले बदल चालले आणि कुठले का फसले ते लिहून ठेवावे, आणि फिरत्या भागांना बसतील अशी स्वस्त आवरणे त्या मिस्त्रींबरोबर बसून बनवावीत. जे मिस्त्री पहिल्या पॉवर टिलरला हात घालणारे होते ते आता वयाने थकत आले आहेत, त्यामुळे ही नोंद लवकर सुरू व्हायला हवी.